चित्राची किंमत छापलीत, माप कोण छापणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे एका रविवारच्या पुरवणीत आपण जगातल्या महागड्या चित्रांवर एक पान दिलं होतं. त्यात मार्क रॉथ्को या लातवियात जन्मलेल्या चित्रकाराचं १९५० सालचं ‘व्हाइट सेंटर’ हे तैलचित्र होतं. त्यावर पुढच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका वाचकाचं पत्र आलं. घर रंगवायच्या आधी रंगारी भिंतीवर नमुन्याचे दोन-चार पट्टे मारून दाखवतो, त्यातलाच हा प्रकार; आमची चौथीतली नात याच्यापेक्षा बरं काढते; असलं चित्र शेकडो कोटींना घेणाऱ्याला एकदा आमच्याकडे पाठवा, दोन दिवसांत डझनभर देतो. पत्र झकास होतं. आमच्या कट्ट्यावर ते मोठ्यानं वाचलं गेलं आणि मीसुद्धा हसलो. पण नमुन्याचे पट्टे मारण्यातच ज्याची हयात गेली, त्याला या पत्राला उत्तर द्यायचा थोडाफार हक्क पोचतो असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो.

मी बोर्ड पेंटर. होतो म्हणायला पाहिजे, कारण फ्लेक्स आल्यापासून हातानं बोर्ड रंगवून घेणारं गिऱ्हाईक राहिलं नाही. सुरुवात सिनेमाच्या कापडी बॅनरवर, उस्तादांच्या हाताखाली रंग कालवायला. पुढं उद्यमनगरातल्या कारखान्यांचे पत्र्याचे बोर्ड, ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीच्या भिंती, आणि खानावळी तर विचारूच नका. चित्रकलेची पदवी माझ्याकडे नाही. कुठला लाल किती पावसाळे काढतो एवढं मात्र मला कळतं, आणि रॉथ्कोबद्दल बोलायला तेवढं भांडवल बऱ्यापैकी पुरतं.

माझी तक्रार त्या वाचकावर नाही, आपल्यावर आहे. पानावर किंमत केवढ्या ठळक टायपात होती! चित्र मात्र काडेपेटीएवढं, आणि तेही कॉलमात बसावं म्हणून खालून छाटलेलं. या चित्राचा खालचा जवळजवळ निम्मा भाग फिकट जांभळा आहे. त्यातला बराचसा आपल्या कात्रीत गेला. चित्र केवढं आहे, कशावर काढलंय, कशानं काढलंय, याचा एक शब्द नाही. एवढंसं चित्र आणि एवढा मोठा आकडा शेजारी-शेजारी ठेवल्यावर वाचकानं हसू नये तर काय करावं?

तर माप मी सांगतो. उंची २०५.८ सेंटिमीटर, रुंदी १४१ सेंटिमीटर. आमच्या टेपवर पावणेसात फूट बाय चार फूट साडेसात इंच. कॅनव्हासवर तैलरंग. जमीन गुलाबी, वर गडद आणि खाली उतरत फिकी झालेली. त्या जमिनीवर वरून खाली येताना एक आडवा पिवळा चौकोन, मग काळी आडवी पट्टी, मग पांढऱ्याचा अरुंद पट्टा आणि खाली तो जांभळा. बस्स, एवढंच आहे.

या मापाचा अंदाज घ्यायला मी रद्दीतले आपलेच अंक घेऊन गच्चीवर गेलो. रुंदीत चार पानं लागली आणि उंचीतही चार, म्हणजे सोळा पानं अंथरली तेव्हा कुठं चित्र झाकलं, आणि रुंदीला वर आणखी एक चिंधी जोडावी लागली. वारा सुटला होता. कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले, खडूनं पट्टे आखले. खालच्या बिऱ्हाडातली दोन पोरं वर आली होती, ती काही न विचारता सरळ पिवळ्या चौकोनात जाऊन आडवी झाली. दोघंही मावली. हेच चित्र भिंतीला उभं लावलं असतं तर माझ्या डोक्यावर हातभर उरलं असतं. आता सांगा, नातीच्या वहीच्या पानाशी याची तुलना कशी करायची? वहीतलं चित्र आपण हातात धरून बघतो. याच्यासमोर आपण उभे राहतो, आणि डावी-उजवीकडे मान वळवली तरी ते संपत नाही.

हे माप उगीच फुगवलेलं नव्हतं. १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या एका चर्चेत रॉथ्कोनं स्वतःच त्याचं कारण सांगितलं. मोठी चित्रं पूर्वी थाट दाखवायला काढत. तो काढत होता ते माणसाशी जवळीक साधावी म्हणून. लहान चित्र काढताना चित्रकार त्याच्या बाहेर राहतो, मोठ्या चित्रात तो आतच असतो, असं त्याचं म्हणणं. बघणाऱ्यानंही दीड फुटावर येऊन उभं राहावं अशी त्याची इच्छा असायची. दीड फुटावर म्हणजे मी बोर्डावर अक्षर भरताना जेवढ्या अंतरावर असतो तेवढं. त्या अंतरावरून मला कधी अख्खा बोर्ड दिसलेला नाही, फक्त रंग दिसतो.

माणूस कुठला, हेही आपल्या पानावर दोन शब्दांत उरकलं होतं. लातविया कुठं आलं, यावर कट्ट्यावर बराच वाद झाला. एकानं तर ते आफ्रिकेत नेऊन ठेवलं. आता कोल्हापूरकरांना त्या बाजूची माणसं काही अगदीच परकी नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, आपल्या वळिवड्याला पोलंडच्या हजारो निर्वासितांची छावणी होती. माझे वडील त्या गोऱ्या बायका-पोरांच्या आठवणी सांगायचे, विशेषतः त्या बायका बाजारात घासाघीस कशा शिकल्या त्याची. त्या पोलंडच्या वर, बाल्टिक समुद्राच्या कडेला लिथुआनिया आणि त्याच्या वर लातविया. तिथल्या दौगावा नदीकाठचं आजचं दौगावपिल्स, तेव्हाचं द्विन्स्क, हे रॉथ्कोचं गाव. जन्म २५ सप्टेंबर १९०३. मूळ नाव मार्कुस रॉथ्कोविच. तेव्हा तिथं रशियाच्या झारचा अंमल होता, आणि ज्यू कुटुंबांना तो सुखाचा नव्हता. वडील औषधविक्रेते. ते १९१० मध्ये पुढं अमेरिकेत गेले, आई, बहीण आणि हा पोरगा १९१३ मध्ये मागून गेले, आणि काही महिन्यांतच वडील वारले. पोर्टलंड गावात या पोरानं काय केलं ठाऊक आहे? पेपर विकले. म्हणजे संपादक महाशय, माणूस आपल्याच लाईनीतला.

हुशार होता. १९२१ मध्ये येल विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला आणि दोन वर्षांत ते सोडून न्यूयॉर्कला आला. तिथं चित्रकलेचं शिक्षण थोडकंच झालं, बाकी सगळं बघून बघून. तिसाच्या दशकात तो भुयारी रेल्वेच्या फलाटावरची माणसं काढत होता: लांबोडकी, खांबाला खांब लागून उभी, एकमेकांकडे न बघणारी. चाळीसच्या दशकात ग्रीक पुराणातल्या कथा आल्या. मग १९४६-४७ च्या सुमाराला आकारांच्या कडा विरघळायला लागल्या, माणूस गेला, नुसते रंगाचे धूसर डाग उरले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयात मातीस या फ्रेंच चित्रकाराचं ‘द रेड स्टुडिओ’ आलं. एक अख्खी खोली, टेबल-खुर्चीसकट, एकाच लाल रंगात बुडालेली. रॉथ्को त्याच्यासमोर तासन्‌तास जाऊन बसायचा. पुढच्या वर्षी ‘व्हाइट सेंटर’ झालं. तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीसच्या घरात होतं आणि हातात ब्रश धरून पंचवीस वर्षं होत आली होती. नमुन्याच्या पट्ट्यांपर्यंत पोचायला त्याला एवढा काळ लागला.

नातीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. रॉथ्कोनं १९२९ ते १९५२ एवढी वर्षं ब्रुकलिनमधल्या एका ज्यू शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवली. पोट त्यावरच चालत होतं. १९३३ मध्ये पोर्टलंडच्या संग्रहालयात त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा भिंतीवर आपल्या चित्रांबरोबर त्यानं आपल्या शाळेतल्या मुलांची चित्रंही लावली. लहान मूल हेच काढेल, असं म्हणून त्याला खिजवायला जावं तर तो खिजणारा नव्हता. राजारामपुरीकर आजोबांनी नातीची चित्रं फेकू नयेत, जपून ठेवावीत, एवढंच मी म्हणेन.

आता रंगाकडे येतो. माझा खरा जीव यातच आहे.

रॉथ्को बऱ्याचदा अस्तर न दिलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर आधी सरस आणि रंगाची पूड एकत्र करून हात द्यायचा. सरस! हे वाचलं आणि मी उठून बसलो. आमचे उस्ताद बॅनरच्या कापडाला सरस आणि खडूची पूड कालवूनच अस्तर द्यायचे. पत्र्याच्या डब्यात सरस उकळायला लागला की गल्लीत कुणाच्या तरी घरातून शिवी यायची, असा त्याचा वास. रॉथ्कोचा सरस सशाच्या कातड्याचा होता, आमचा कशाचा होता ते न विचारलेलं बरं. त्यावर तो तैलरंग चढवायचा, तो टर्पेंटाईननं इतका पातळ केलेला की रंगाचे कण कापडाला जेमतेम धरून राहावेत. एकावर एक असे कितीतरी थर. बोर्डवाल्याचा धर्म याच्या उलट. आम्ही एका हातात पत्रा झाकला पाहिजे, खालचं काही दिसता कामा नये, नाहीतर मालक पैसे कापतो. रॉथ्कोच्या चित्रात खालचं दिसावं यासाठीच वरचं असतं.

घरात कॅनव्हासचा एक तुकडा पडून होता, त्यावर मी गुलाबीवर पिवळा चढवून बघितला. सरळ कडेचा पिवळा गुलाबीवर स्टिकर डकवल्यासारखा बसतो, हलत नाही. तीच कड ब्रशनं विस्कटली की पिवळा श्वास घ्यायला लागतो, एकदा पुढं येतो, एकदा मागं जातो. आता विस्कटायची किती? कमी विस्कटली तर ती अडाण्याच्या हातची वाकडी रेघ दिसते. ब्रश जास्त ओढला तर खालचा गुलाबी वर येऊन पिवळ्यात मिसळतो आणि तिथं नारिंगी मळ धरतो. खालचा थर पुरता वाळलाय की नाही, ब्रशात तेल किती आणि टर्पेंटाईन किती, यावर सगळं अवलंबून. हे एक फूट तुकड्यावर करताना माझी कंबर धरली. पावणेसात फुटांवर, चारी कडांना, सगळीकडे सारखं आणि तरीही कुठंच सारखं नाही, असं राखणं म्हणजे काय ते ज्यानं ब्रश धरलाय त्याला कळेल.

‘व्हाइट सेंटर’ मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, ते खाजगी मालकीचं आहे. पण रॉथ्को पाहिलाय. करोनाच्या आधी लेकीकडे लंडनला गेलो होतो. जावई म्हणाले, “मामा, तुम्ही रंगातले, चला तुम्हाला एक खोली दाखवतो.” टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातली ती खोली. उजेड अगदी कमी. पहिल्यांदा नुसते काळपट तांबडे पडदे लावल्यासारखं वाटलं, आणि लेक म्हणाली तसं, आबा आता पाच मिनिटांत कंटाळणार. बाकावर बसलो. डोळे सरावले तसा त्या तांबड्यात दुसरा तांबडा दिसायला लागला, त्यावर काळ्याची चौकट, आणि ती चौकट दार आहे की भिंत आहे याचा पत्ता लागेना. मी उठून बाजूनं जाऊन कड बघितली, सवय आहे. फ्रेम नाही. रंग कॅनव्हासच्या कडेवरून वळून बाजूला उतरलेला. एका जागी पातळ रंगाचा ओघळ होता आणि तो त्यानं पुसलेला नव्हता. तिथली राखणदार बाई लगबगीनं आली आणि मला मागं सरायला सांगितलं, हे बरोबरच केलं तिनं.

त्या चित्रांची गोष्ट तर खानावळवाल्यांनी वाचावी अशी आहे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीतल्या ‘फोर सीझन्स’ या भारी रेस्टॉरंटसाठी रॉथ्कोला काम मिळालं. त्यानं तीसेक चित्रं केली. मग एकदा बायकोबरोबर तिथं जेवायला गेला, तिथली मंडळी आणि तिथले दर बघितले आणि ठरवलं, इथं माझी चित्रं लागणार नाहीत. घेतलेले पैसे परत केले. मी जन्मभर खानावळींचे बोर्ड रंगवले. उरलेले पैसे बुडवणारे मालक पुष्कळ भेटले, पण उचल परत करणारा रंगारी आमच्या धंद्यात तरी मी पाहिला नाही. त्यातली नऊ चित्रं पुढं त्यानं टेटला दिली. ती लंडनला पोचली २५ फेब्रुवारी १९७० ला, आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओत त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. याबद्दल मला जास्त बोलवत नाही.

त्याच संचातल्या ‘ब्लॅक ऑन मरून’ या चित्राच्या कोपऱ्यात ऑक्टोबर २०१२ मध्ये एका माणसानं शाईनं काहीतरी खरडलं. ते काढायला टेटच्या तज्ज्ञांना दीड वर्ष लागलं. वर व्हार्निश नाही, थर पातळ, आणि प्रत्येक थरात वेगळं काही मिसळलेलं: तैलरंगाबरोबर अंडं, सरस, तऱ्हेतऱ्हेच्या राळा. शाई थेट आत मुरलेली. ती विरघळेल पण रंग विरघळणार नाही, असं द्रावण सापडायलाच कितीतरी महिने गेले. मे २०१४ मध्ये चित्र पुन्हा भिंतीवर आलं. नमुन्याच्या पट्ट्याला एवढं करावं लागत नाही, वरून चुन्याचा हात मारला की झालं.

पण रॉथ्कोला सगळं कळत होतं असं मात्र नाही, आणि इथं मी त्याच्या बाजूचा नाही. लाल रंगात तो फसला. हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनासाठी त्यानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाच मोठी चित्रं केली. दालनाला मोठाल्या खिडक्या. त्यानं किरमिजी लालासाठी लिथॉल रेड नावाचा रंग वापरला होता, जो उन्हात टिकत नाही. ऊन येत गेलं, लाल उडत गेला, काही ठिकाणी निळसर पांढुरकं तेवढं राहिलं. १९७९ पर्यंत चित्रं उतरवून कोठारात टाकावी लागली. आमच्याकडे कुठलंही पोर सांगेल की, पश्चिमेला तोंड असलेल्या बोर्डावर स्वस्तातला लाल घालू नये. उमा टॉकीजच्या बाजूला माझा एक बोर्ड होता, त्यातली लाल अक्षरं तीन उन्हाळ्यांत गुलाबी झाली आणि काळी सावली तेवढी टिकली. म्हणून लालाखाली मी कायम गेरूचा हात द्यायचो. लाल उडाला तरी अक्षर उभं राहतं. हार्वर्डवाल्यांनी पुढं, २०१४ मध्ये, अजब तोड काढली. चित्राला हात न लावता, जिथं जेवढा रंग उडालाय तिथं तेवढ्याच रंगाचा प्रकाश प्रोजेक्टरनं टाकायचा. बघणाऱ्याला मूळचा लाल दिसतो, आणि प्रोजेक्टर बंद केला की आहे ते. हे मला वाचल्या दिवसापासून डोक्यातून जात नाही. दुरुस्ती करून मूळ चित्रकाराच्या हातावर आपला हात चढवायचा नाही, असा त्यात विचार आहे. आपल्याकडे जुन्या चित्रांवर, देवळातल्या रंगकामावर ऑइलपेंटचे डबे ओतणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

लालाबद्दल त्याला कळतही होतं, ते हे. १९६१ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्याचं प्रदर्शन होतं, तेव्हा त्यानं लेखी सूचना पाठवल्या. भिंती पांढऱ्याशुभ्र नकोत. पांढऱ्यात थोडा अंबर, म्हणजे मातकट तपकिरी, आणि किंचित लाल घालून त्या ऊबदार करा. भिंत फार पांढरी असेल तर चित्रातल्या लालामुळं तिला हिरवट झाक येते आणि ती चित्राशी भांडते. चित्रं जमिनीच्या जवळ टांगा. उजेड भगभगीत नको. पांढरी भिंत लाल चित्राशेजारी हिरवी दिसते, हे मी पत्र्यावर शंभरदा पाहिलंय, पण कुणी कागदावर लिहून ठेवलेलं तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आपण नवीन घरात ट्यूबलाइट लावून, चुनखडी पांढऱ्या भिंतीवर, छताला टेकेल इतकं वर चित्र टांगतो आणि मग म्हणतो, शोभत नाही.

आता त्या किमतीचं. आपण ती ठळक छापली, पण त्यामागचा हिशोब छापला नाही. डेव्हिड रॉकफेलर या अमेरिकेतल्या धनाढ्य बँकरनी १९६० मध्ये हे चित्र दहा हजार डॉलरपेक्षा कमी पैशांत घेतलं, आपल्या ऑफिसात लावलं, आणि मे २००७ मध्ये सदबीजच्या लिलावात ते ७ कोटी २८ लाख डॉलरना विकलं गेलं. तेव्हाच्या दरानं साधारण ३०० कोटी रुपये. रॉथ्कोला जाऊन तेव्हा ३७ वर्षं झाली होती. म्हणजे ज्या आकड्यावरून आपण चित्रकाराला हसलो त्यातला छदामही चित्रकाराला मिळालेला नाही. तो आकडा विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. त्यांना हसा, माझी हरकत नाही.

हे सगळं परदेशी खूळ आहे, असंही त्या पत्रात एक वाक्य होतं. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, १९६४ मध्ये शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी रॉथ्कोची चित्रं पाहिली. परत येऊन स्वतःचंच काढत राहिले, रोलर आणि सुरीनं, वर्षाला मोजकीच. त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये भरलं. एवढं पुरे.

उलट आपल्या कोल्हापूरला रंग समजावून सांगायची पाळी यावी याचंच मला नवल वाटतं. बाबूराव आणि आनंदराव पेंटर या भावांचा हात नाटकाच्या पडद्यांवर तयार झाला, म्हणजे ज्याला आपण आज मोठं माप म्हणतो त्याच्यावरच. अबालाल रहिमान जे. जे. मधून शिकून आले आणि रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा घाट पुन्हा पुन्हा रंगवत इथंच राहिले. त्यांच्या रंकाळ्याच्या पाण्यात बारकाईनं बघा. काठ, झाड, देऊळ बाजूला ठेवा आणि हातभर पाणीच बघा: आडवे पट्टे, एकात एक मिसळलेले, कड कुठंच सरळ नाही. टाऊन हॉलच्या संग्रहालयात त्यांचं काम आहे, तिथं तिकीट परवडतं. तिथंही माणसं मोबाइलवर फोटो काढतात आणि फोटोच बघत बाहेर पडतात, तो भाग वेगळा.

दौगावपिल्सनं २०१३ मध्ये तिथल्या जुन्या किल्ल्यातल्या शस्त्रागाराच्या इमारतीत रॉथ्कोच्या नावाचं कलाकेंद्र उघडलं. दहा वर्षांचा व्हायच्या आत गाव सोडून गेलेला पोरगा, परत कधी तिथं राहायला आला नाही, तरी गावानं त्याचं नाव लावलं आणि त्याच्या मुला-मुलीनं खरी चित्रं तिथं लावायला दिली. छापील प्रतींवर भागवलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि तिला खर्च नाही. यापुढं कुणाचंही चित्र छापाल, रॉथ्कोचं असो, अबालालांचं असो की कलानिकेतनच्या एखाद्या विद्यार्थ्याचं, खाली एक ओळ द्या: उंची, रुंदी, कशावर काढलं, कशानं काढलं, साल. चित्र कॉलमात बसत नसेल तर जाहिरात छाटा, चित्र छाटू नका. आणि जमलं तर एकदा असं करा. एखाद्या चित्राचा पानभर तुकडा त्याच्या मूळ मापात छापा, एकास एक, फक्त एक कड. आपलं छपाईयंत्र गुलाबी कसा काढतं ते मला माहीत आहे, तरी चालेल. किंमत छापायचीच असेल तर बारीक टायपात शेवटी छापा.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर गायतोंड्यांचा परिच्छेद कापा, ते रागावणार नाहीत. लाल रंगाचा परिच्छेद कृपया कापू नये.

आपला,
एक निवृत्त बोर्ड पेंटर
शिवाजी पेठ, कोल्हापूर